एम्युलेटरचं राहू द्या, आधी तो हप्ता थांबवा

प्रश्न : मी मिरजेत राहतो, वय ५९. गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झालो. केबलचे महिन्याला ३८० रुपये जातात. माझ्या सिमकार्डावर लाइव्ह टीव्हीचं ॲप फुकट आहे, पण मोबाइलवर बघून डोळे दुखतात. पुतण्या म्हणतो, संगणकावर एम्युलेटर टाकला की मोबाइलचं ॲप तिथे चालतं आणि एचडीएमआयची वायर लावून मोठ्या टीव्हीवर दिसतं. मुलाचा जुना संगणक घरात आहे, पण त्याची रॅम ४ जीबी, त्यावर सगळं अडकतं. १६ जीबीचा नवा लॅपटॉप ४८ हजारांना बिनव्याजी हप्त्यांवर मिळतोय, वर्षभर महिना चार हजार. घ्यावा का? पैशांचं म्हणाल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून सुमारे ३१ लाख आले. १२ लाखांत वरचा मजला बांधला. १५ लाख एफडीत आहेत, साडेसहा टक्क्यांनी. दरवर्षी २ लाख अशी सात वर्षांची दुसरी एक एफडी बँकेतल्या साहेबांनी करून दिली, तिचे पंधराव्या वर्षी २५ लाख मिळतात, ११ टक्के पडतात, शिवाय आयकर वाचतो. तिचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात कापला जाईल. बचत खात्यात २ लाख २० हजार आहेत. पेन्शन ३,४००, मुलगा ५,००० पाठवतो, घरखर्च औषधांसकट २१ हजार. केबल बंद केली तर तेवढाच हातभार.

उत्तर : लॅपटॉप घेऊ नका. केबल चालू ठेवा. आणि ज्याला तुम्ही एफडी म्हणताय ती एफडी नाही, तिचा पुढचा हप्ता भरू नका. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण तुम्ही विचारलंय पहिल्याबद्दल, म्हणून ते आधी उरकतो.

केबलचे वर्षाला होतात ४,५६०. लॅपटॉप ४८ हजारांचा. म्हणजे साडेदहा वर्षं केबल बंद ठेवली तर लॅपटॉपचे पैसे वसूल, तेही तो लॅपटॉप साडेदहा वर्षं टिकला तर. हिशोब इथेच संपतो. तरी पुतण्याचं समाधान व्हावं म्हणून थोडं पुढे जाऊ.

एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पोटात बसवलेला खोटा मोबाइल. ब्लूस्टॅक्स हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. संगणकाला स्वतःचं विंडोज सांभाळून वर हा मोबाइलही चालवायचा असतो. ४ जीबी रॅम ही त्याची किमान अट, नीट चालायला ८ लागते. शिवाय संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका संगणकात दुसरं यंत्र चालवू देणारी सोय, चालू करावं लागतं, नाहीतर १६ जीबीवरही तो रांगतो. एवढं सगळं जमलं तरी चॅनेल दिसेलच असं नाही. लाइव्ह टीव्हीच्या ॲपना कार्यक्रमांची चोरी होऊ द्यायची नसते. आपण खऱ्या मोबाइलवर आहोत का, हे त्यातली बरीच ॲप तपासतात आणि संशय आला की उघडतच नाहीत. काही उघडतात, पण आवाज येतो आणि चित्र काळं. आज चाललेलं ॲप पुढच्या अपडेटनंतर बंद पडू शकतं, आणि तेव्हा तक्रार करायला जागा नाही, कारण त्यांनी तुम्हाला संगणकावर बघा असं कधी सांगितलेलंच नसतं.

मग पुतणे मंडळी ‘मॉड’ केलेलं, म्हणजे कोणीतरी फेरफार केलेलं ॲप कुठूनतरी उतरवून देतात. ते मात्र अजिबात नको. ज्या संगणकावर तुमची १५ लाखांची एफडी दिसते, त्यात कोणी काय घुसडलंय हे माहीत नसलेलं ॲप टाकणं म्हणजे तिजोरीच्या खोलीत अनोळखी माणसाला झोपायला जागा देणं.

आणि डेटा? टीव्ही मोठा असल्यामुळे चित्र बरं हवं. बऱ्या चित्राला तासाला एक ते दीड जीबी लागतो. तुमचं रिचार्ज दिवसाला दोन जीबीचं असेल तर संध्याकाळच्या बातम्या होतात, आणि घरच्यांची मालिका सुरू होते तेव्हा चक्र फिरायला लागतं. मग ब्रॉडबँड घ्या, त्याचे महिन्याला पाचशे-सहाशे. ३८० वाचवायला ५०० घालवायचे, वर लॅपटॉपचा हप्ता चार हजार.

एवढंच करायचं असेल तर टीव्हीला मागून लावायची छोटी स्टिक काही हजारांत मिळते, तिला ना लॅपटॉप लागतो ना एम्युलेटर. डीडी फ्री डिशला छत्री आणि बॉक्सचा एकदाच दीड-दोन हजार खर्च, महिन्याला काही नाही. पण घरात रोज लागणारी खासगी मराठी वाहिनी त्यावर असेलच असं नाही, ते आधी घरी विचारा. माझं ऐकाल तर ३८० चालू द्या. ज्या घरात महिन्याला साडेचार हजारांचा खड्डा आहे, तिथे ३८० रुपयांनी काही होत नाही.

हो, साडेचार हजार. एफडीचं व्याज महिन्याला साधारण ८,१००, पेन्शन ३,४००, मुलाचे ५,०००. झाले साडेसोळा. खर्च एकवीस. तुम्हाला हा तुटवडा जाणवतोय म्हणूनच केबलवर डोळा गेला. डोळा बरोबर ठिकाणी गेला नाही, एवढंच.

आता त्या ‘सात वर्षांच्या एफडी’कडे या. जिला दरवर्षी ‘हप्ता’ असतो आणि जिचे पैसे पंधराव्या वर्षी मिळतात, ती एफडी नसते. ती विमा पॉलिसी आहे. कपाटातली ती जाड फाइल काढा, पहिल्या पानावर बँकेचं नाही तर विमा कंपनीचं नाव असेल. बँकेच्या काउंटरवर विकली गेली म्हणून ती बँकेची ठेव होत नाही. साहेबांनी ‘कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा’ असं सांगितलं होतं ना? दरवेळी सांगतात. पहिल्या हप्त्यावर सगळ्यात मोठं कमिशन असतं आणि निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाल्याचं सगळ्यात आधी त्यांनाच दिसतं. तुमच्यासारखी पत्रं मला दर महिन्याला येतात. फक्त गाव बदलतं.

११ टक्के कुठून आले तेही सांगतो, कारण ही हातचलाखी मला आता पाठ झाली आहे. सात हप्ते दोन-दोन लाखांचे, म्हणजे १४ लाख भरायचे. मिळायचे २५. नफा ११ लाख, म्हणजे ७८ टक्के. त्याला सातने भागलं की ११ आणि वर थोडं. सातने का? तर हप्ते सात वर्षं भरायचे म्हणून! पैसे मात्र अडकणार पंधरा वर्षं. तुमचा प्रत्येक रुपया तिथे सरासरी बारा वर्षं राहतो. १४ चे २५ व्हायला बारा वर्षं लागत असतील तर चक्रवाढीने दर पडतो जेमतेम पाच टक्के. नुसत्या सात टक्के चक्रवाढीने त्याच रकमेचे साडेएकतीस लाख झाले असते.

आणि कर कसला वाचतो? व्याज आणि पेन्शन मिळून तुमचं वर्षाचं उत्पन्न दीड लाखाच्या आतच आहे. मुलगा पाठवतो त्यावर तुम्हाला कर नाही. तुम्हाला आयकर लागतच नाही, मग वाचणार काय? करसवलतीचं आमिष दाखवताना समोरच्याचं उत्पन्न विचारण्याचीही तसदी या लोकांनी घेतलेली नसते.

पण दर कमी पडला हा लहान तोटा. मोठा वेगळाच आहे. सहा हप्ते बाकी आहेत, म्हणजे १२ लाख. ते येणार कुठून? पगार बंद झालाय. पुढच्या महिन्याचे दोन लाख बचत खात्यातून जातील, मागे वीस हजार उरतील. तिथून पुढचा प्रत्येक हप्ता एफडी मोडून. एफडी मोडली की व्याज घटणार, व्याज घटलं की घरखर्चाचा खड्डा वाढणार, तो भरायला पुन्हा एफडी. मी कागदावर मांडून पाहिलं. महागाई शून्य धरली, आजारपण शून्य धरलं, तरी सातवा हप्ता भरला त्या दिवशी एफडीत सुमारे ८० हजार उरतात. तेव्हा तुम्ही ६४ वर्षांचे असाल. पॉलिसीचे पैसे मिळतील ७३ व्या वर्षी. मधली नऊ वर्षं घर कशावर चालवणार? मुलाच्या पाच हजारांवर?

लॅपटॉप घेतलात तर पहिल्याच वर्षी खड्डा जवळजवळ दुप्पट.

म्हणून हप्ता थांबवायचा. दोन लाख पूर्ण परत मिळणार नाहीत, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. पॉलिसी नापसंत म्हणून परत करायची ३० दिवसांची मुदत केव्हाच उलटली. मात्र ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे एक वर्षाचा हप्ता भरलेला असेल आणि पॉलिसीला एक वर्ष पूर्ण झालं असेल तर काहीतरी सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद केल्यावर परत येणारे पैसे, मिळते. आधी तर पहिल्या वर्षाचे पैसे बुडीतच असत. तुमच्या पॉलिसीत नेमके किती, ते कंपनीकडून लेखी मागवा. मी हिशोबाला १ लाख २० हजार धरतो. म्हणजे ८० हजारांचा फटका. जिवाला लागेल. पण ‘दोन लाख वाया कसे घालवू, म्हणून आणखी बारा भरतो’ असं म्हणालात तर तो फटका काहीच नाही.

विकतानाच फसवलं म्हणून पूर्ण रक्कम मागण्याचा रस्ताही आहे, आणि तो फुकट आहे. साहेबांनी व्हॉट्सॲपवर ‘एफडी’, ‘११ टक्के’ असं काही लिहून पाठवलं असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा, चॅट पुसू नका. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी पत्र द्या आणि विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाका. कंपनीने नकार दिला किंवा ३० दिवस काहीच कळवलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मिरजेला पुण्याचं कार्यालय लागतं. वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. यश मिळेलच असं मी म्हणणार नाही, कारण तुमची सही कागदावर आहे आणि फोनवर तुम्ही ‘हो’ म्हणालात. पण अर्ज करायला काय जातं? मात्र तक्रार लावून धरायची असेल तर सरेंडरच्या कागदावर घाईने सही करू नका. पॉलिसी सरेंडर करून पैसे घेतले की प्रकरण मिटलं असं कंपनी म्हणू शकते. हप्ता न भरणं आणि पॉलिसी सरेंडर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ता फक्त पहिली करायची आहे.

उरलेल्या पैशांचं काय? तुम्ही लवकरच साठ पूर्ण कराल. त्या दिवसापासून ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला खुली आहे, पोस्टात किंवा बँकेत. सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात, मुदत पाच वर्षं, कमाल ३० लाख. (खरं तर निवृत्त झालात तेव्हाही ५५ ते ६० या वयातल्या निवृत्तांसाठीच्या तरतुदीत ती मिळाली असती, पण पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांत गुंतवायचे असतात. त्या तीन महिन्यांत बँकेच्या साहेबांना या योजनेची आठवण झाली नाही. तिच्यात त्यांना पॉलिसीसारखं कमिशन नाही.) एफडीची मुदत कधी संपते आणि मोडल्यास दंड किती, ते पाहून १५ लाख तिकडे न्या. त्याचे महिन्याला १०,२५० होतात. बचत खात्यातले आणि सरेंडरचे मिळून ३ लाख ४० हजार वेगळ्या छोट्या एफडीत ठेवा, दवाखान्यासाठी. त्याचे महिन्याला अठराशेच्या आसपास. पेन्शन आणि मुलाचे पाच हजार धरून वीस हजार साडेचारशे. खर्च एकवीस. खड्डा साडेपाचशेवर आला, आणि केबल चालूच आहे.

राहिला वरचा मजला. त्यात तुमचे १२ लाख आहेत आणि पत्रावरून तरी तो रिकामा दिसतोय. मुलगा दिवाळीला येतो तेवढ्यासाठी? मिरजेत दवाखान्यांमुळे बाहेरगावची माणसं, शिकणारी मुलं कायम खोल्या शोधत असतात. लेखी करार करून चार-पाच हजारांना एक खोली दिली तरी साडेपाचशेचा खड्डा बुजून महिन्याला काही शिल्लक पडेल.

या आठवड्यात फक्त एक काम करा. बँकेत जाऊन त्या हप्त्याची आपोआप कपात रद्द करण्याचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. साहेब चहा मागवतील, ‘आता बंद केलं तर सगळं बुडेल’ म्हणतील, ‘निदान दोन हप्ते तरी भरा’ म्हणतील. चहा घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे खात्यात राहिले आणि कपात चालूच राहिली तर मशीन तुम्हाला विचारणार नाही.

पुतण्याचा उत्साह वाया घालवू नका. मुलाच्या त्या जुन्या संगणकात एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क, त्याच्याकडून बसवून घ्या. बऱ्याच मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात, त्याला ४ जीबी पुरतात आणि एम्युलेटर लागत नाही. विंडोज १० असेल तर त्याच्या सुरक्षेची नेहमीची अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबली आहेत, तेव्हा त्यावर बातम्या बघा, बँकेचं खातं उघडू नका.