जायचं तर सांगून जा

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. प्लेसमेंट सुरू झालंय, ओपन सोर्स प्रोजेक्टला पाठवलेल्या बदलाची पुल रिक्वेस्ट तशीच पडून आहे, प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरने विचारलेल्या प्रश्नाला तीन आठवडे उत्तर नाही, आणि आता इतका उशीर झालाय की तोंड दाखवायचीच लाज वाटते, तर ताई, गुपचूप सोडून दिलं तर चालेल का.

सोडलंस तर चालेल. गुपचूप नाही चालणार.

काम चांगलं केलंयस. सर्चमध्ये न दिसणारी अक्षरं आधी काढून टाकतात, त्यात झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं न दिसणारं चिन्ह, पण जातो, आणि कुणी र, हलंत, झेडडब्ल्यूजे असं टाइप केलेलं असेल तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्या शोधायला जावं तर समुद्र हाती लागतो. मराठी लोक हे मुकाट सहन करतात, तू पकडलंस. झेडडब्ल्यूजे काढायच्या आधीच तिथे ऱ बसवायचा हा उपायही मला पटला. मग मेंटेनरने विचारलं की नेपाळीत 'गर्‍यो' लिहितात त्याचं काय होईल, तुला नेपाळी येत नाही, आणि तू गप्प झालीस. अगं, 'मला माहीत नाही, नेपाळी येणाऱ्या कुणाला तरी विचारूया' एवढंच लिहायचं होतं. माहीत नाही हे पण उत्तर असतं. समोरच्याला त्यावर पुढे काहीतरी करता येतं, तुझ्या गप्प बसण्यावर काय करणार तो?

मी हे इतकं ताणून का धरते ते सांगते. 2006 साली मी एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरात होते. तेव्हा फाइल आपल्या नावावर घ्यायची पद्धत होती, म्हणजे दोघांनी एकच काम करू नये. मी तीन फाइल्स घेतल्या, दोन पूर्ण केल्या, तिसरी अर्धी. मग वडिलांचं आजारपण, नोकरी बदलली, घरी इंटरनेट नव्हतं, कॅफेत जाऊन बसायला वेळ नव्हता. कारणं खरी होती, आजही मी त्यातलं एकही खोटं म्हणणार नाही, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तरी काम सुटलंच असतं. पण एक ओळीचा मेल? त्याला कॅफेत पाच मिनिटं लागली असती. चौदा महिने मी तो पाठवला नाही, कारण पहिल्या महिन्यात वाटलं पुढच्या आठवड्यात करूच, आणि सहाव्या महिन्यात वाटलं आता कुठल्या तोंडाने लिहू.

नंतर साताऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत कामानिमित्त गेले होते. तिथल्या बाईंनी कौतुकाने कॉम्प्युटर लावून दाखवला, सगळं मराठीत. मेनू उघडला तर वरचे चार शब्द मराठी, 'उघडा', 'जतन करा', आणि खाली सगळं इंग्रजी. बाई म्हणाल्या, हे अर्धंच का हो? ती माझीच फाइल होती. माझ्या नावावर होती म्हणून दुसऱ्या कुणी हात लावला नव्हता. बाईंना मी काही बोलले नाही. तेव्हापासून आजवर मी एकही काम न सांगता सोडलेलं नाही.

आणि हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. डेबियन ही लिनक्सची एक आवृत्ती, 1993 पासून चाललीये, तिथे एखादं पॅकेज, म्हणजे त्यातलं एखादं सॉफ्टवेअर, सांभाळणं जमेनासं झालं की ते अनाथ म्हणून जाहीर करायची रीत आहे, मग दुसरं कुणी दत्तक घेतं. गायब झालेल्या मेंटेनरांचा माग काढायला तर वेगळी टीम आहे. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेचं सीपॅन नावाचं कोडभांडार आहे, त्यावर 'अडॉप्टमी' नावाचं खातंच आहे, ज्या मॉड्यूलला आता वाली नाही ते त्या नावाखाली येतं. इतक्या वर्षांत लोक येणार आणि जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय, त्यात कसली आलीये लाज?

पलीकडचा माणूस पण बघ जरा. फाइल लहान करणाऱ्या एक्सझेडचं प्रकरण तू वाचलं असशील, मार्च 2024, एसएसएचने दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका इंजिनियरने खोदत नेलं आणि त्यात कुणीतरी चोरून घातलेलं मागचं दार सापडलं. सगळे त्या अर्ध्या सेकंदाबद्दल बोलतात. मला 2022 आठवतं, तेव्हा त्याच्या एकट्या मेंटेनरने स्पष्ट लिहिलं होतं की मानसिक त्रासामुळे फार जमत नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे. त्याने सांगितलं होतं गं. मदतीला जो आला तोच दगाबाज निघाला, आणि बाकीचे नुसते घाई करत राहिले. तुझा मेंटेनर पण असाच नोकरीवरून येऊन रात्री अकराला तुझा कोड वाचतो. 'मला असाइन करा' लिहून नाहीसे झालेले त्याने किती पाहिले असतील. त्यात तुझी भर घालू नकोस.

आता मी ज्या प्रोजेक्टचं बघते तिथे दोन आठवडे काही कळवलं नाही तर मी नावावर दिलेला इश्यू, म्हणजे काम, काढून घेते, त्यावरून मला कडक म्हणतात, एकाने तर तोंडावर म्हटलं की तुमच्यामुळे नवीन मुलं घाबरतात. घाबरत असतील. पण माझ्याकडे एकही काम कुणाच्या नावावर कुजत पडलेलं नाही, आणि 'ताई, परीक्षा आहे, सोडतो' असं लिहून गेलेली चार मुलं परत आली. न सांगता गेलेलं एकही आलं नाही, कारण मी अडवत नाही, पण परत यायला त्यांचं त्यांनाच अवघड होतं. आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, ते उगाच नाही.

तर आज रात्री, मॉक इंटरव्ह्यूच्या आधी, तीन ओळी लिही. उशिराबद्दल एकदाच सॉरी, रामायण नको. नेपाळीचं माहीत नाही. आणि डिसेंबरपर्यंत जमणार नाही, कुणाला पुढे न्यायचं असेल तर खुशाल न्या. ब्रँच, म्हणजे तुझ्या बदलांची प्रत, डिलीट करू नकोस, अर्धवट टेस्ट्स पण आहेत तशा पुश करून ठेव, पुढच्याला कळेल तू कुठवर आली होतीस. त्या टेस्ट्समध्ये 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' ही जोडी घाल, आणि 'तऱ्हा', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' पण, सगळे ऱ्य तपासतात आणि ऱ्ह विसरतात.