पैशाला तारीख हवी

मी आर्थिक समुपदेशन करते. कुठलीही योजना विकत नाही, कुणाकडून दलाली घेत नाही. आलेल्या माणसाबरोबर बसून त्याचा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घेते. एक वाक्य मात्र इतक्या जणांकडून ऐकलं आहे की ते कधी येणार याची मी वाटच बघत असते. "मला गुंतवणुकीतलं काही कळत नाही, आणि आता शिकायचं वयही राहिलं नाही." डॉक्टर म्हणतात, शिक्षक म्हणतात, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब तपासलेले लोकही म्हणतात.

हे वाक्य घेऊन आलेल्या एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ४३, एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, नोकरी पक्की. मुलाची एकट्या पालक. मुलगा तीन वर्षांनी पदवीच्या शिक्षणाला जाणार. आई त्यांच्याजवळच राहते आणि आजारी असते. तक्रार अशी की बँकेचं पत्र आलं की पोटात गोळा येतो आणि ते न उघडताच खणात जातं. वर्षभराची पत्रं तशीच साठली होती.

खणाकडे वळण्याआधी मी त्यांना तीन प्रश्न विचारले. ते माझे नाहीत. ॲनामारिया लुसार्डी आणि ऑलिव्हिया मिचेल या दोन अर्थतज्ज्ञांनी तयार केलेले हे प्रश्न २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांना विचारले गेले. पहिला: शंभर ठेवले, वर्षाला २ टक्के व्याज, तर पाच वर्षांनी एकशे दोनपेक्षा जास्त होतील, बरोबर तेवढेच की कमी? दुसरा: खात्यावर व्याज १ टक्का आणि महागाई २ टक्के, तर वर्षानंतर त्याच पैशात जास्त वस्तू येतील, तितक्याच की कमी? तिसरा: एकाच कंपनीचे शेअर घेणं हे अनेक कंपन्यांच्या शेअरांच्या फंडापेक्षा सुरक्षित असतं, खरं की खोटं? त्या सर्वेक्षणात तिन्ही उत्तरं बरोबर देणारे साधारण एक तृतीयांशच निघाले.

बाईंनी पहिल्याच प्रश्नाला "नाही हो, मला नाही सांगता येणार" म्हटलं. मी म्हटलं, चुकलात तरी काही बिघडत नाही, पण "माहीत नाही" हे उत्तर चालणार नाही. मग त्यांनी तिन्ही उत्तरं दिली. तिन्ही बरोबर (जास्त, कमी, खोटं), आणि तिसऱ्याचं कारणसुद्धा सांगितलं: एक कंपनी बुडाली तर सगळंच गेलं.

यात नवल काही नाही. लुसार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेदरलंड्समध्ये हेच तपासलं. "माहीत नाही" हा पर्याय समोर असला की स्त्रिया तो पुरुषांपेक्षा जास्त निवडतात; पर्याय काढून टाकला की त्यातल्या बऱ्याच जणी बरोबर उत्तर देतात. स्त्री-पुरुषांच्या गुणांतला सुमारे एक तृतीयांश फरक आत्मविश्वासाच्या कमतरतेमुळे दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुरुषांचं उलटं असतं. अनेकांना कळत नसतं, पण ते ठासून सांगतात. हा माझा अनुभव, अभ्यासाच्या नावावर खपवत नाही.

"मग मला एवढी भीती का वाटते?" बाईंनी विचारलं. उत्तर खणात होतं.

पाकिटं त्यांनीच फोडली, मी फक्त कागदावर ओळी आखून दिल्या. रकमांऐवजी आम्ही "घरखर्चाचे महिने" हे माप धरलं. मोठ्या आकड्यांनी दडपायला होतं. महिने म्हटले की लगेच अंदाज येतो. बचत खात्यात पडून होते चौदा महिने. क्रेडिट कार्डाची बाकी तीन महिने. शिवाय नात्यातल्या एका माणसाने गळ्यात मारलेल्या दोन विमा पॉलिसी. आणि एक तोटा, ज्याबद्दल त्या आधी बोलायलाच तयार नव्हत्या.

आधी कार्ड. व्याज महिन्याला ३ टक्के. वर्षाचे ३६ असं आपण मनात धरतो, पण बाकी न फेडता व्याजावर व्याज चढत गेलं तर वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं. बाई दर महिन्याला किमान रक्कम भरत, पुन्हा कार्ड वापरत, आणि बाकी जिथल्या तिथे. तीन महिन्यांच्या खर्चावर ३ टक्के म्हणजे दर महिन्याच्या घरखर्चाच्या ९ टक्के रक्कम नुसती व्याजात जात होती. त्याच वेळी बचत खात्यातले चौदा महिने वर्षाला ३ टक्के मिळवत निवांत होते.

"मग त्यातून कार्ड का नाही फेडलंत?"

"ते आईच्या आजारपणाचे आहेत. त्यांना हात लावायचा नाही."

माणूस पैशाला मनातल्या मनात वेगवेगळ्या डब्यांत घालतो आणि एका डब्यातला पैसा दुसऱ्यात न्यायला त्याला जड जातं, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकात मांडलं. त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ही सवय मूर्खपणाची आहे असं मी मानत नाही. डब्यांमुळेच तर बाईंचे चौदा महिने शाबूत राहिले होते. फक्त त्यांच्या डब्यांवर नावं होती, तारखा नव्हत्या. आईचं आजारपण कधी, किती, काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून तो डबा कितीही भरला तरी अपुराच वाटे.

मग तोटा बोलून झाला. वीसेक महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी एका कंपनीचे शेअर घेतले होते. पैसे मुलाच्या शिकवणीच्या फीचे होते, आठ महिन्यांनी भरायचे. आठ महिन्यांनी भाव २२ टक्के खाली होता आणि फीची मुदत काही थांबणार नव्हती. विकले. त्या दिवसापासून "मला यातलं कळत नाही" सुरू झालं, आणि पत्रं न उघडणंही तेव्हापासूनच.

मी त्यांना विचारलं, भाव २२ टक्के वर गेला असता तर तुम्ही काय शिकला असता? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "की मला कळतं." म्हणजे दोन्हीकडून चुकीचाच धडा. आठ महिन्यांनी लागणारा पैसा शेअरमध्ये घालणं हा जुगार होता. लागला असता तरी जुगारच. शेअर बाजार काही महिन्यांत कुठे जाईल हे सांगता येत नाही. यात त्यांच्या अक्कलहुशारीचा संबंध फार कमी, तारखेचा फार जास्त. आणि नुकसानीचं दुःख तेवढ्याच फायद्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट लागतं. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नुकसानीचं हे जास्तीचं वजन सिद्धांतात मांडलं आणि १९९२ मध्ये त्याचा अंदाजही दिला. त्या एका घावावर बाई वर्षभर फुंकर घालत बसल्या होत्या.

"कुठे गुंतवू?" हा प्रश्न मी अशा वेळी कागदावरच येऊ देत नाही. त्याच्या जागी विचारते, हा पैसा कधी लागणार? बाईंनी तीन तारखा लिहिल्या. पहिली "कुठल्याही दिवशी": आईचं दवाखान्यात जाणं, नोकरीत खंड. दुसरी तीन वर्षांनी: मुलाचा प्रवेश. तिसरी सतरा वर्षांनी: निवृत्ती. तारखा लिहून झाल्या आणि निम्मी उत्तरं आपोआप बाहेर पडली. कुठल्याही दिवशी लागेल तो पैसा त्याच दिवशी हातात येईल अशा जागीच हवा. तीन वर्षांनी लागणारा पैसा त्याच सुमाराला मुदत संपणाऱ्या ठेवीत. या दोन्हींत व्याज कमी मिळालं तरी चालतं, मुद्दल मात्र हललं तर चालत नाही.

खरा पेच तिसऱ्या तारखेचा. "तोही बँकेतच ठेवला तर? निदान कमी तर होणार नाही." हा प्रश्न सगळ्यांचा असतो आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ७२ ला दराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते याचा अंदाज येतो, हे मी सांगितलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. महागाई ६ टक्के धरली तर बाराव्या वर्षी किमती दुप्पट. ३ टक्क्यांच्या खात्यात त्याच बारा वर्षांत शंभराचे होतात सुमारे एकशे त्रेचाळीस. म्हणजे आज ज्या पैशात शंभर वस्तू येतात, त्यात बारा वर्षांनी एकाहत्तर येतील. "म्हणजे कमी होतातच, फक्त पत्रात दिसत नाही," त्या म्हणाल्या.

आता दुसरी बाजू. मी नेहमी दोन उदाहरणं एकत्र सांगते, कारण एकटं सांगितलं तर दिशाभूल होते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक (म्हणजे त्यांच्या शेअरभावांचं एकत्रित माप) ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ या काळात सुमारे ५७ टक्के पडला आणि २०१३ मध्ये जुन्या पातळीच्या वर गेला. ज्याला दरम्यान पैसे लागले नाहीत त्याने फक्त वाट पाहिली. ज्याला लागले त्याचं कायमचं नुकसान झालं. दुसरं उदाहरण जपानचं. निक्केई निर्देशांकाने डिसेंबर १९८९ मध्ये गाठलेली पातळी पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. "थांबलात की बाजार वर येतोच" असं ठामपणे सांगणाऱ्याला हे जरूर विचारावं. म्हणून लांबच्या तारखेचा पैसासुद्धा एका कंपनीत, एका क्षेत्रात किंवा एकाच वेळी घालायचा नाही. दर महिन्याला थोडा, अनेक कंपन्यांत विभागून.

याला सोपा रस्ता निर्देशांक फंडाचा. बाजारातले विजेते निवडायच्या फंदात न पडता हा फंड निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या घेऊन ठेवतो. सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सुरू केला तेव्हा त्याची टिंगल झाली होती. त्याची खरी ताकद कमी खर्चात आहे, आणि खर्चाचा हा भाग लोक डोळ्याआड करतात. १० टक्के परतावा धरा. फंडाने वर्षाला २ टक्के खर्च कापला तर एकदा ठेवलेली रक्कम पंचवीस वर्षांत सुमारे पावणेसात पट होते, ०.२ टक्के कापला तर सव्वादहा पटीच्या पुढे जाते. बाईंनी हे दोनदा तपासलं. चिडल्या. मला ते आवडलं. भीतीपेक्षा चीड कामाची.

वयाचं काय? सतरा वर्षं हातात आहेत. ९ टक्के धरून (ही हमी नाही, हिशेबासाठी घेतलेला दर) महिन्याला एक भाग (भाग म्हणजे ठरवलेला एक हप्ता, शेअर नव्हे) टाकला तर २०४ भागांचे सुमारे ४७९ होतात. पाच वर्षांनी सुरू केलं तर १४४ भागांचे २५८. साठ हप्ते चुकवले की शेवटी सव्वादोनशेच्या आसपास भाग कमी. विशीत सुरुवात केली असती तर बरं झालं असतं, हे खरं, पण ते कुणाच्याच हातात नाही.

पॉलिसींचं थोडक्यात. एकीची मुदत दोन वर्षांवर आली होती, ती चालू ठेवली. दुसरीचे चौदा वर्षांचे हप्ते बाकी होते, ती हप्ते थांबवून तशीच ठेवली. आधी भरलेला पैसा भरून झाला, त्यामुळे पुढच्या निर्णयात त्याला मत नाही. आई आणि मुलगा त्यांच्या कमाईवर अवलंबून म्हणून निव्वळ जोखमीचा मुदत विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) घेतला. तो त्या दोन पॉलिसींच्या मानाने खूपच स्वस्त पडला.

चौदा महिन्यांच्या बचतीतून तीन महिन्यांची रक्कम काढून कार्ड फेडलं. व्याजात जाणारी ती ९ टक्के रक्कम आता निर्देशांक फंडात जाते. गुंतवणुकीसाठी वेगळी काटकसर करावीच लागली नाही. पंचावन्नाव्या वर्षापासून त्यातला हिस्सा हळूहळू ठेवींकडे वळवायचा, कारण तोवर निवृत्तीची तारीख जवळ आलेली असेल. हेही त्याच कागदावर लिहून ठेवलं आहे.

मध्यंतरी त्यांना फोनवर एक संदेश आला: दिवसाला १ टक्का, हमखास. त्यांनी मला विचारलं नाही, गणित करून कळवलं. रोज १ टक्का म्हणजे वर्षात शंभराचे तीन हजार सातशेच्या वर. "एवढे मिळत असतील तर याला माझे पैसे कशाला हवेत?" १९२० मध्ये चार्ल्स पाँझी नावाच्या ठगाने अमेरिकेत बोस्टनमध्ये पंचेचाळीस दिवसांत ५० टक्क्यांचं आमिष दाखवलं होतं, तेव्हा हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

एका बाबतीत आमचं अजून जुळत नाही. उरलेल्या अकरा महिन्यांपैकी सहा "कुठल्याही दिवशी"साठी पुरेत आणि पाच मुलाच्या प्रवेशासाठी ठेवीत जावेत, असं माझं मत होतं. त्यांनी आठ ठेवले आणि तीनच ठेवीत टाकले. मुलाच्या फीतली तूट त्या पगारातून भरणार आहेत. हिशेबाने दोन महिने जास्तीचे पडून आहेत. मी एकदा बोलले, परत बोलणार नाही. पत्रं त्या आता उघडतात.