शीळ कवितेत का नाही आली?

प्रश्न : ताई, मी धनकवडीत राहते, वय 52. जानेवारीत माझा मोठा भाऊ गेला. दर रविवारी तो मंडईतून भाजी घेऊन यायचा आणि जिन्यातूनच शीळ घालायचा. ती ऐकली की मी चहा टाकायचे. आता रात्री हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांवर कविता लिहिते. दोन सोबत पाठवल्यात. लिहिलं की फार रडू येतं. आमचे हे म्हणतात, ‘कशाला खपली काढतेस?’ मुलगी म्हणते, छान आहेत, ग्रुपवर टाक. माझं काही चुकतंय का?

उत्तर : काही चुकत नाही. रडू येतं म्हणून घाबरूही नका. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी कॉलेजच्या मुलांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला सर्वांत लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं. 1986 मध्ये ते छापून आलं. लिहून उठताना ती मुलं जास्तच उदास असायची, पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते साधं गद्य होतं, कविता नव्हे. पण हा फायदा झाला तो काय घडलं आणि त्यानं काय वाटलं, हे दोन्ही लिहिणाऱ्यांना.

म्हणून एक सांगते, राग मानू नका. तुमच्या दोन्ही कवितांत ‘दुःखाचा सागर’ आहे, ‘काळोखी रात्र’ आहे. जिन्यातली शीळ मात्र पत्रात आली, कवितेत नाही. भाजीची पिशवीही नाही. सागर कुणाचाही असतो हो. शीळ फक्त तुमच्या दादांची.

माझे यजमान गेले तेव्हा दूधवाल्याला ‘एक पिशवी कमी कर’ एवढं म्हणायला मला तीन महिने जमलं नाही. ‘विरह’ वगैरे लिहून पानं भरली, आत काही हललं नाही. मग एका सकाळी नासलेल्या दुधाचं पातेलं घासताना सुचलं :

दोन पिशव्या रोज येतात,
एक तापते, एक नासते.
दूधवाल्याला सांगायचंय.
उद्या सांगते.

त्या आठवड्यात सांगितलं.

आपल्या मावळ-मुळशीतल्या बायका हेच करत आल्यात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. घरात कुणापुढे बोलायची सोय नव्हती, ते त्या जात्याला ईश्वर म्हणून सांगायच्या. त्यात भावावरच्या ओव्या किती! आणि सुपातलं धान्य संपलं की ओवीही थांबायची. तुम्हीही 15-20 मिनिटांचं दळण ठरवा. झालं की वही मिटायची, तोंडावर पाणी मारायचं. झोपण्याच्या तोंडावर नको, संध्याकाळी बसा.

झोप उडाली, जेवण तुटलं, किंवा महिनाभर ‘मी त्याला लवकर दवाखान्यात नेलं असतं तर’ हेच वाक्य वहीत फिरत राहिलं, तर मात्र कवितेच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

ग्रुपवर इतक्यात टाकू नका. हात जोडलेली चित्रं आणि ‘वा, सुंदर’ यायला लागलं की पुढची कविता त्यांच्यासाठी लिहिली जाते. वाचून दाखवायचीच, तर शीळ आलेली एखादी वहिनींना दाखवा. रविवारी सकाळी त्यांचेही कान जिन्याकडेच लागत असतील.