पाटी कोणासाठी लावलीस?

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

चोपडा गावातल्या तुझ्या दुकानातला प्रकार तू सविस्तर लिहिलास, बरं केलंस. मजुरीवरून परतणाऱ्या बाईनं शेंगदाण्याच्या पोत्यात हात घातला आणि दोन-चार दाणे तोंडात टाकले. तू ‘माल हाताळू नये’ या पाटीकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर तिला झापलंस. ती म्हणाली, “गुरुजीसले तुम्ही काहीच बोलनात नही, मालेच काबर?” म्हणजे रोज दाणे खाणाऱ्या गुरुजींना काही बोलत नाही, मग मलाच का? त्यावर तुझं उत्तर, “दुकान माझं, नियम माझा, जास्त बोललात तर पोलिसांना बोलावीन.” ती घेतलेलं सामान तिथंच ठेवून निघून गेली. आणि आता तू विचारतेस, “वकीलकाका, कायद्यानं माझं चुकलं का?”

कायद्यानं फारसं नाही. म्हणूनच एवढं लांब लिहायला बसलोय. कायद्यानं चुकलं असतं तर एका ओळीत भागलं असतं.

आधी तुझ्या बाजूचं. दुकान तुझं आहे, यात वाद नाही. रस्त्यावरचा माणूस तुझ्या उंबऱ्याच्या आत येतो तो तुझ्या परवानगीनं. ही परवानगी तू तोंडानं देत नाहीस; सकाळी शटर वर केलंस की ती दिली गेली. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये हिला लायसन्स म्हणतात. दुसऱ्याच्या जागेत, एरवी जे बेकायदा ठरलं असतं, ते करायची मुभा. ही मुभा तू अटी घालून देऊ शकतेस आणि काढूनही घेऊ शकतेस. काढून घेतलीस तर समोरच्याला निघून जायला आणि आपलं सामान उचलायला वाजवी वेळ द्यावा लागतो, एवढंच. पिशव्या काउंटरवर ठेवा, चपला बाहेर काढा, खाऊ नका, फोटो काढू नका, हे सगळं सांगायचा तुला अधिकार आहे.

तू पत्रात ‘मालमत्तेचा मूलभूत हक्क’ असं लिहिलंस, ते मात्र खोड. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आता तो कलम ३००-अ मध्ये आहे, आणि ते कलम सरकारनं कायद्याशिवाय तुझी जागा घेऊ नये म्हणून आहे, गिऱ्हाइकाशी भांडायला नाही. उलट मूलभूत हक्कांत जे अजून आहे ते कलम १५(२). धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाला दुकानात येण्यापासून अडवता येणार नाही. घटनेत ‘दुकाने’ हा शब्द सरळ लिहिलेला आहे. ज्या देशात अर्ध्या गावाला दुकानाच्या पायरीखाली उभं राहून, वरून टाकलेला माल झेलावा लागत होता, तिथं तो उगाच लिहिला गेला नाही. तू त्या बाईची जात पाहून बोलली नाहीस, हे मला माहीत आहे. पण एकच पाटी एकासाठी शोभेची आणि दुसऱ्यासाठी फौजदाराची झाली, की समोरचा माणूस कारण शोधतो. आणि त्याला जे कारण सापडतं ते बहुतेक वेळा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं असतं.

पोलिसांचं म्हणशील, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ वाच. जागेत शिरणं किंवा थांबून राहणं गुन्हा ठरायला त्यामागे गुन्हा करायचा, धाक घालायचा, अपमान करायचा किंवा त्रास द्यायचा हेतू लागतो. पाटी न पाळणं म्हणजे अतिक्रमणाचा गुन्हा नव्हे. राहिले चार शेंगदाणे. त्याच संहितेचं कलम ३३ सांगतं, की साधारण समज आणि साधारण स्वभावाचा माणूस ज्याची तक्रार करणार नाही इतकं किरकोळ नुकसान हा गुन्हाच नाही. तुला ठाण्यात चहा मिळाला असता, बाकी काही नाही.

आता गुरुजींकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथं आहे. गुरुजी तुझ्या वडिलांचे शिक्षक. रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतात आणि मूठभर दाणे खातात. त्यांची खुर्चीसुद्धा त्याच पाटीखाली आहे! ही मूठ सगळं गिऱ्हाईक पाहतं. ईझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५४ म्हणतं, की परवानगी स्पष्ट शब्दांत देता येते किंवा मालकाच्या वागण्यातूनही निघते. तुझी पाटी एक बोलते आणि तुझं वागणं दुसरं. लोक वागणं वाचतात. त्यात पाटी वाचता न येणारे कितीतरी असतात, त्यांना वाचायला दुसरं काही नसतंच.

शिवाय आपल्याकडे धान्य न चावता घेतो कोण? दादर ज्वारी घेताना चार दाणे दाताखाली फोडून बघतात, तूरडाळ हातावर घेऊन फुंकतात. बाजार समितीत पोत्याला परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, मारल्याशिवाय व्यापारी भाव बोलत नाही. वानगी, म्हणजे नमुना, बघून माल घेणं हा रिवाज आहे आणि १९३० चा माल विक्री कायदाही त्याला मान देतो. वानगीवर सौदा झाला तर बाकीचा माल तिच्याशी ताडून बघायची वाजवी संधी गिऱ्हाइकाला मिळालीच पाहिजे. तेव्हा तोंडात टाकलेले दोन दाणे ही वानगी आणि गुरुजींची मूठ हा अल्पोपाहार. तू नेमकी वानगीवर चिडलीस आणि अल्पोपाहाराकडे काणाडोळा केलास.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाळला न जाणारा नियम दोन बाजूंनी वाचायचा असतो आणि प्रत्येकानं तो स्वतःच्या विरुद्ध वाचायचा. मालकानं समजावं, की मी इतके दिवस गप्प बसले म्हणजे मी परवानगी दिली. ती मागे घ्यायची तर आधी सांगितलं पाहिजे, आणि सगळ्यांना सांगितलं पाहिजे. गिऱ्हाइकानं समजावं, की कोणी अडवलं नाही म्हणजे मालकाची हरकत नाही असं मुळीच नाही. गंमत अशी, की बहुतेक जण उलट वाचतात. मालक म्हणतो ‘पाटी तर होती’ आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘कोणी काही बोललं तर नाही’. ग्राहक आयोगात माझ्यासमोर आलेली निम्मी भांडणं या दोन वाक्यांची होती, पैशाची रक्कम नावापुरती.

तुझ्याकडे कामाला असलेल्या पोराचाही विचार कर. तो ‘चव घेऊ नका भो’ असं कोणाला म्हणेल? गिऱ्हाईक तुझ्याकडे तक्रार करेल आणि तू त्यालाच बोलशील, हे त्याला पक्कं माहीत आहे. दिवसभर उभा राहणारा, महिन्याच्या पगारावरचा मुलगा नियम राबवत नाही तेव्हा ती त्याची संमती नसते, भीती असते. म्हणून नियम कोणता हे ठरवायच्या आधी, तो बोलून दाखवल्यावर मागे कोण उभं राहणार ते ठरव. ‘मालकीणबाईंनी सांगितलंय’ एवढं म्हणायची मुभा त्याला दे आणि नंतर शब्द फिरवू नकोस.

तू दुकानातल्या सगळ्या पाट्यांचा फोटो पाठवलास. एवढ्या पाट्या तर तहसील कचेरीत नसतात. त्यातली ‘येथे गाडी लावू नये, हवा सोडण्यात येईल’ ही आजच उतरव. रस्ता नगरपरिषदेचा आहे, तुझा नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणं हे त्याच्या वस्तूचं नुकसान आहे. इथं गुन्हेगार तू ठरशील. स्वतःच्या हक्काबद्दल इतकं जागरूक असणारे दुकानदार ओटा पुढं सरकवताना गटार कोणाची हे विसरतात, पण ते जाऊ दे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हीसुद्धा काढ. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. रंग आवडला नाही म्हणून आणलेली बादली परत घ्यायची की नाही हे तू ठरव. पण भोक पडलेली बादली परत घ्यावीच लागेल.

अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकत नाही ही पाटी तुझी नाहीच, ती २००३ च्या कायद्यानं लावायला सांगितलेली आहे. तिच्यात सूट द्यायचा तुला अधिकार नाही, वडिलांसाठी पुडी न्यायला आलेलं पोर कितीही ओळखीचं असो. प्लास्टिक पिशवीचंही तसंच. मार्च २०१८ पासून महाराष्ट्रात बंदी आहे, तुझ्या भिंतीवर ‘प्लास्टिक पिशवी मागू नये’ लिहिलंय, आणि फोटोतच काउंटरखालून पिशव्यांचा गठ्ठा डोकावतोय.

पिशव्या काउंटरवर ठेवायचा नियम ठेव. पण टोकन दे, पैशाचं पाकीट काढून घ्या असं आठवणीनं सांग, आणि नियम दारातच सांग. आत आल्यावर, टोपली अर्धी भरल्यावर सांगितलेला नियम हा नियम नसतो, अडवणूक असते. कापडी पिशवीचे पैसे बिलाच्या वेळी लावण्यावरून राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्ये एका मोठ्या साखळी दुकानाला हेच सुनावलं होतं. पिशवीला पैसे पडतील हे गिऱ्हाइकानं माल निवडायच्या आधी कळायला हवं, काउंटरवर नव्हे.

पोरांनी बिलाआधी चिप्सचा पुडा फोडल्याबद्दल तू लिहिलंस. फळीवर ठेवलेला माल हातात घेतला म्हणजे सौदा झाला असं नाही. इंग्लंडमध्ये १९५३ साली बूट्स या औषध विक्रेत्या कंपनीच्या खटल्यात हा प्रश्न आला होता, तेव्हा स्वतः माल उचलायची दुकानं तिकडंही नवी होती. फळीवरचा माल हे बोलावणं आहे, गिऱ्हाइकानं देऊ केलेला भाव दुकानदारानं काउंटरवर स्वीकारला की विक्री, असं कोर्टानं धरलं. आपल्याकडेही तेच धरतात. म्हणजे फोडलेला पुडा अजून तुझाच. पण आई रिकामा पुडा प्रामाणिकपणे बिलाला लावत असेल, तर पोराकडे बघून हस आणि बिल कर.

शेंगदाण्यांचं काय करायचं ते सांगतो. पाटी बदल. ‘पोत्यात हात घालू नये, वानगी ताटलीत ठेवली आहे’ असं लिही आणि प्रत्येक पोत्यावर खरोखर एक ताटली व चमचा ठेव. कारणही लिही, सगळ्यांचे हात लागलेला माल तुम्हालाच घरी न्यायचा आहे म्हणून. गुरुजींच्या खुर्चीजवळ संध्याकाळी वाटीत भाजलेले दाणे तू स्वतः नेऊन दे. पोत्यातून त्यांनी घेतले तर नियम मोडतो, तुझ्या हातून घेतले तर पाहुणचार होतो, आणि तुझ्या घरचा पाहुणचार कोणी हिशेबात धरत नाही. त्यांना चारचौघांत काही बोलू नकोस. “गुरुजी, आता पोत्याला सगळ्यांना मनाई केलीय, तुमच्यासाठी वाटी ठेवलीय” इतकं पुरे. चाळीस वर्षं वर्गाला रांगेत उभं केलेला माणूस आहे, त्यांना लगेच कळेल.

ती बाई पुन्हा येईल की नाही सांगता येत नाही. आली तर माफीचं भाषण नको. “त्या दिवशी मी जास्त बोलले” म्हण, ताटली पुढं कर. नाही आली तर तिच्याबरोबरच्या बायका येतील, त्यांच्याशी नीट बोल.

आता तू गिऱ्हाईक असतेस तेव्हाचं थोडं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, खरेदीला जळगावला आलीस की तू साड्यांचे फोटो काढतेस, घरी बसून मोबाइलवर स्वस्त कुठं मिळते ते शोधतेस. दुकानात ‘फोटो काढू नये’ लिहिलेलं असतं, गादीवरचा सेल्समन बघून न बघितल्यासारखं करतो. त्यानं तुझ्यासाठी साड्यांचा ढीग उलगडलाय, तुला नाही म्हणणं त्याला परवडत नाही. विचार त्याला. “आईला दाखवायला एक काढू का?” बहुतेक हो म्हणेल. नाही म्हणाला तर मोबाइल पर्समध्ये ठेव आणि तोंड वाकडं करू नकोस.

वडिलांना नमस्कार सांग.

तुझा,
वकीलकाका

ता. क. ‘सुटे पैसे द्यावेत’ ही पाटी राहू दे, पण सुट्ट्याऐवजी चॉकलेट देणं बंद कर. तीच चॉकलेटं कोणी बिलात परत दिली तर तू घेणार आहेस का? दोन रुपये राहिले तर नावावर वहीत जमा लिहून ठेव.