प्रकाशाने जागे होणारे रंग

प्रश्न : कर्करोगावर रंगद्रव्य टोचून लाल प्रकाश देतात आणि नंतर महिनाभर ऊन टाळायला सांगतात, ते का?

उत्तर : अंधारात हे द्रव्य जवळजवळ निरुपद्रवी असते, प्रकाश शोषल्यावर मात्र ते ती ऊर्जा ऑक्सिजनला देते आणि त्यातून निर्माण झालेला क्षणजीवी, अतिक्रियाशील ऑक्सिजन पेशी मारतो. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्यातील पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात झपाट्याने मरताना दिसले होते. पोर्फिमर सोडियम या कर्करोगावरील अशाच प्रकाशाने चेतणाऱ्या औषधासाठी ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश वापरतात, पण तोही ऊतींत काही मिलिमीटरच शिरतो. हे औषध त्वचेत किमान ३० दिवस रेंगाळते आणि दृश्य प्रकाशानेच चेतते, म्हणून नेहमीचे सनस्क्रीन इथे कुचकामी ठरते. गंमत म्हणजे घरातला सौम्य उजेड हितकारकच असतो, कारण त्यात त्वचेतले औषध हळूहळू निष्प्रभ होते.