अमेरिकेत पॅथॉलॉजीला कुणाचाही नंबर लागतो का?

प्रश्न : माझी मुलगी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला पॅथॉलॉजीच करायचं आहे, आणि तेही अमेरिकेत. आमचे एक नातेवाईक तिकडे असतात. ते म्हणतात, पॅथॉलॉजीला तिथलं कुणी जात नाही, त्यामुळे कुणाचाही नंबर लागतो. पण हिला दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजीतच सप्लिमेंटरी (नापास झाल्यावरची फेरपरीक्षा) द्यावी लागली होती. हिचा खरंच नंबर लागेल का? मार्क किती लागतील? आम्ही दोघंही शिक्षक आहोत, खर्च झेपेल का तेही सांगा. – एक आई, लातूर

उत्तर :

नमस्कार ताई,

नातेवाइकांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे हॉस्पिटलात पगारी काम करत एखाद्या शाखेचं शिक्षण घेण्याच्या, जागा 'मॅच'मधून भरतात. उमेदवार आणि हॉस्पिटलं दोघंही आपापल्या पसंतीची यादी देतात, संगणक जोड्या लावतो आणि मार्चमध्ये निकाल लागतो. पॅथॉलॉजीच्या जागा दरवर्षी सहाशेच्या आसपास असतात. २०१९ मध्ये त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश जागा तिथल्या एमडी (तिथे ही आपल्या एमबीबीएससारखी पहिली पदवी असते) कॉलेजांतून त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांनी घेतल्या. बाकीच्या जागांवर ऑस्टिओपॅथिक (तिथली डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या) कॉलेजांतली मुलं, कॅरिबियन बेटांवर शिकून आलेले अमेरिकन नागरिक आणि आपल्यासारख्या देशांतले डॉक्टर आले. त्वचारोग किंवा अस्थिरोगाच्या रेसिडेन्सीत भारतातून एमबीबीएस करून थेट गेलेलं कुणी सापडणं मुश्कील. पॅथॉलॉजीत मात्र ती वाट खरोखर वापरात आहे.

याचं कारण तिथल्या शिक्षणपद्धतीत आहे. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती, मानसोपचार ही पोस्टिंग तिथे प्रत्येकाला करावी लागतात. पॅथॉलॉजीचं वेगळं पोस्टिंग बहुतेक कॉलेजांत सक्तीचं नसतं, विषय सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासातच राहतो. जो विभाग मुलांनी आतून पाहिलाच नाही, तो आयुष्यभरासाठी निवडणार कोण? आपल्या मुलांना निदान दुसरं वर्षभर स्लाइड, म्युझियममधले नमुने, स्पॉट्स आणि व्हायवा यांतून तो विषय भेटतो.

आता 'कुणाचाही नंबर लागतो' याबद्दल. असं अजिबात नाही. २०१९ नंतर अमेरिकन मुलांचा ओढा पुन्हा वाढला आहे. आणि बाहेरच्यांसाठी ज्या जागा उरतात, त्यांवर तुमच्या मुलीबरोबर कोण उभं असतं ते बघा. आपल्याच देशातून एमडी पॅथॉलॉजी झालेले, दोन-चार वर्षं रिपोर्टिंग केलेले, नावावर शोधनिबंध असलेले डॉक्टर तिथे पुन्हा पहिल्या वर्षापासून रेसिडेन्सी करायला अर्ज करतात, कारण भारतातल्या एमडीवर तिथे स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. हिची खरी स्पर्धा त्यांच्याशी आहे. सगळ्या शाखा मिळून पाहिलं, तर परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी साठ टक्क्यांहून थोड्या कमी जणांचाच मॅच होतो. बाकीच्यांची वर्षंही जातात आणि पैसेही. म्हणून 'सहज' हा शब्द घरात कुणी वापरला, तर त्याला तिथेच थांबवा.

मार्कांचं सांगते. यूएसएमएलई या अमेरिकेच्या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेतली स्टेप १ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली आहे. त्यामुळे आता आकड्यांत दिसतो तो स्टेप २ सीकेचाच (क्लिनिकल नॉलेज) स्कोअर. १ जुलै २०२५ पासून त्यात पास व्हायला २१८ लागतात, आणि तिथल्या मुलांची सरासरी अडीचशेच्या जवळ आहे. माझ्या मते हिने २४० च्या पुढचं लक्ष्य ठेवावं. २३० ते २४० मध्ये आली तरी पॅथॉलॉजीचं दार बंद होत नाही, पण मग बाकीचा अर्ज भक्कम लागतो. २६० ची गरज नाही. त्या आकड्याच्या मागे लागून परीक्षा वर्षभर पुढे ढकलणारी मुलं स्वतःचं नुकसान करून घेतात, कारण बरेच विभाग पदवीला किती वर्षं झाली हेही पाहतात.

सप्लिमेंटरी लपवता येणार नाही. गुणपत्रिका कॉलेजकडून जाते आणि त्यात ती दिसते. पण दुसऱ्या वर्षातल्या एका सप्लिमेंटरीने अर्ज बाद होत नाही. यूएसएमएलईच्या एखाद्या स्टेपमध्ये नापास होणं त्याहून कितीतरी जड जातं, आणि तो शिक्का कायमचा राहतो. स्टेप १ चा मोठा भाग पॅथॉलॉजीचाच असतो. ती पहिल्या प्रयत्नात निघाली आणि ज्या विभागात मुलगी अडखळली त्याच विभागातल्या मॅडमनी किंवा सरांनी पुढे तिच्यासाठी मनापासून शिफारसपत्र लिहिलं, तर त्या सप्लिमेंटरीचं उत्तर कागदावरच मिळतं. मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत खरं काय झालं ते सांगावं आणि पुढे जावं. कारणांची लांबण लावू नये.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. इतर शाखांत नंबर लागणार नाही असं वाटून पॅथॉलॉजीचा अर्ज भरणारे खूप असतात आणि निवड करणाऱ्यांना ते लगेच ओळखू येतात. निबंधात रुग्णसेवेची ओढ, तिन्ही शिफारसपत्रं मेडिसिनच्या डॉक्टरांची, पॅथॉलॉजीत घालवलेला एक महिनाही नाही. अशा अर्जावर २५५ असले तरी मुलाखत येईलच असं नाही. २३५ असलेली मुलगी या कामात बसली होती हे दिसलं, तर तिला बोलावतात. हा पुरावा आत्तापासून जमवायचा आहे आणि त्याची सुरुवात लातूरपासून फार लांब जाऊन करावी लागत नाही.

तिच्या कॉलेजात ग्रॉसिंग जिथे चालतं, त्या टेबलाशी तिने दुपारी उभं राहावं. आतड्याच्या कॅन्सरचा तुकडा ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मेलिनमध्ये येतो. तो कापून उघडायचा, गाठ किती सेंटिमीटरची, कापलेल्या कडेपासून किती लांब, भिंतीत किती खोल गेली हे मोजून लिहायचं. मग आतड्याला चिकटलेली चरबी बोटांनी दाबत, चाचपत लसिका गाठी शोधायच्या. किमान १२ तरी सापडायला हव्यात. एखादी मसुराएवढी गाठ चरबीत सुटली आणि कॅन्सर नेमका तिच्यात असला, तर रुग्णाची स्टेज चुकते आणि लागणारी केमोथेरपी राहून जाते. डोळ्यांत फॉर्मेलिन झोंबतंय, कमरेला कळ लागली आहे आणि अजून आठच गाठी सापडल्या आहेत, अशा वेळी ती पुन्हा चरबीत हात घालते का, हे तिचं तिलाच कळेल. हे काम तिला आवडलं तर निबंधात काय लिहायचं हा प्रश्नच उरत नाही. नाही आवडलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

तिथली रेसिडेन्सी चार वर्षांची असते. त्यात ऊतींच्या तपासणीबरोबर रक्तपेढी, मायक्रोबायोलॉजी, क्लिनिकल केमिस्ट्री हे सगळं येतं. आपल्याकडे यातल्या मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या वेगळ्या एमडी आहेत. शवविच्छेदनही शिकावं लागतं. चार वर्षांनंतर बहुतेक जण सायटोपॅथॉलॉजी (पेशींची तपासणी), हिमॅटोपॅथॉलॉजी (रक्ताचे आजार) अशा एखाद्या विषयात आणखी एक वर्ष फेलोशिप करतात. म्हणजे पाच वर्षं धरायची. रेसिडेन्सीत पगार मिळतो, साधारण साठ-सत्तर हजार डॉलर वर्षाला, त्यामुळे तिथे पोचल्यावर तुम्हाला पैसे पाठवावे लागणार नाहीत.

खर्च आहे तो पोचेपर्यंतचा. दोन्ही स्टेपची फी, भारतात परीक्षा देण्याच्या अधिभारासह, प्रत्येकी एक हजार डॉलरच्या वर जाते. ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, प्रमाणपत्रांची पडताळणी, मग अर्ज. पहिल्या ३० विभागांना अर्ज करणं स्वस्त असतं, त्यापुढे प्रत्येक अर्जाचे दर वाढतात, आणि परदेशी पदवीधरांना तीसवर थांबून चालत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या पॅथॉलॉजी विभागात महिनाभर ऑब्झर्वरशिप (नुसतं बघत शिकणं) करणं मी जवळजवळ आवश्यकच मानते, कारण तिथल्या पॅथॉलॉजिस्टचं एक तरी शिफारसपत्र हवं. तिकीट आणि राहणं धरून सगळा अंदाज आठ ते दहा लाखांचा ठेवा. मुलाखती आता बहुतेक ऑनलाइन होतात, तेवढा विमानखर्च वाचला. दोन शिक्षकांच्या पगारात हे तीन वर्षांत विभागून जमू शकतं. यासाठी शेत किंवा घर गहाण टाकू नका. एका फेरीत नंबर लागला नाही तर दुसऱ्या फेरीचे पैसे हाताशी असायला हवेत.

व्हिसाबद्दल नातेवाइकांनी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. बहुतेकांना जे-१ हा शिक्षणासाठीचा व्हिसा मिळतो. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. ही अट माफ करून घेता येते. अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० शिफारशी करता येतात, पण कित्येक राज्यं त्यात प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी घेतात. पॅथॉलॉजिस्टला जागा मिळते, पण शोधावी लागते. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा देणारे विभाग मोजके आहेत, त्यासाठी यूएसएमएलईची शेवटची स्टेप ३ आधी द्यावी लागते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावण्याचा आदेश निघाल्यापासून मी तरी त्या भरवशावर कुणाला आखणी करू देत नाही. परत यावं लागलं तर ते शिक्षण वाया जात नाही. अमेरिकेसह पाच इंग्रजीभाषक देशांतल्या पदव्युत्तर पात्रतेला आपल्याकडे मान्यता आहे.

सरकारी कॉलेज म्हणजे महाराष्ट्राचा एक वर्षाच्या सेवेचा बॉण्डही आला.  पण वेळापत्रक नीट मांडलं तर हे वर्ष आड येत नाही. इंटर्नशिप मार्च-एप्रिलच्या सुमारास संपली, तर अर्ज सप्टेंबरमध्ये जातो, निकाल पुढच्या मार्चमध्ये आणि रेसिडेन्सी त्यानंतरच्या १ जुलैला सुरू होते. मधल्या या काळात ग्रामीण रुग्णालयातली सेवा बसू शकते. अट एकच, पोस्टिंग वेळेवर मिळायला हवं आणि दोन्ही स्टेप इंटर्नशिप संपण्याआधी झालेल्या हव्यात. म्हणजे स्टेप १ फायनल इयरच्या आधी किंवा फायनल संपल्या संपल्या. वॉर्ड ड्यूटी सांभाळून इंटर्नशिपमध्ये दोन्ही परीक्षा द्यायच्या ठरवल्या, तर एक तरी मागे राहते.

नीट-पीजीचा (इथल्या एमडीच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास सोडू नका असं कुणी सांगेल. इथे एमडी पॅथॉलॉजी तीन वर्षांत होते आणि रेडिओलॉजीच्या मानाने तिला बऱ्याच खालच्या रँकवर जागा मिळते, हे खरं आहे. पण दोन्ही परीक्षांची तयारी एकाच वर्षात करायला मी सांगणार नाही. स्टेप १ चा निकाल हातात आला की तिने एकदा ठरवावं.

या महिन्यात दोनच कामं करा. कॉलेजच्या ऑफिसातून बॉण्डच्या सध्याच्या अटी लेखी घ्या, कारण त्या शासन निर्णयाने बदलतात. आणि तिला पॅथॉलॉजीच्या विभागप्रमुखांना भेटून ग्रॉसिंगला बसू द्या अशी परवानगी मागायला सांगा. तिने स्वतःच जावं, तुम्ही सोबत जाऊ नका. दोन महिन्यांनी तिला काय वाटतं ते तिच्याच हातचं मला लिहून पाठवा. कोणत्या विभागांना अर्ज करायचा आणि मोजकेच मिळणारे पसंतीचे सिग्नल ('तुमचा विभाग मला विशेष हवा' हे अर्जासोबत कळवण्याची सोय) कुणाला द्यायचे, ते त्यानंतर बोलू.