बंदुकांच्या दुकानाला फेडरल लायसन्स असताना राज्याचे पुन्हा कशाला?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मेहुणे अमेरिकेत एक पॉन शॉप, म्हणजे वस्तू गहाण ठेवून पैसे देणारे दुकान, विकत घेतायत, त्यात बंदुकांचे काउंटरही आहे, तर लायसन्स दुकानाबरोबर मिळते का? आणि फेडरल लायसन्स असताना काही राज्ये आपले वेगळे लायसन्स आणि वेगळी तपासणी का लावतात? मी इकडे अशा छोट्या दुकानांची कागदपत्रे सांभाळून देण्याचे काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर जरा जास्त बोलेन.

पहिल्याचे उत्तर: नाही मिळत. फेडरल लायसन्स, ज्याला सगळे एफएफएल म्हणतात, ते ठरावीक माणसाच्या किंवा कंपनीच्या नावावर आणि ठरावीक पत्त्यावर असते. माल, फर्निचर, नाव सगळे विकत घेता येते, लायसन्स नाही. मेहुण्यांना स्वतःचा अर्ज करावा लागेल. त्यात बोटांचे ठसे, फोटो आणि एटीएफच्या (बंदुकांच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याच्या) अधिकाऱ्याने घेतलेली मुलाखत आली. दुकान कंपनीच्या नावावर असेल आणि ते कंपनीच विकत घेत असतील तर मालकी बदलल्याचे ३० दिवसांत कळवायचे. लायसन्स मुदत संपेपर्यंत चालते, मग नवा अर्ज.

पण त्याआधी मेहुणे कोणत्या व्हिसावर आहेत ते बघा. ग्रीन कार्ड असेल तर पुढे वाचा. एच-१बी किंवा ई-२ असेल तर आधी वकील गाठा. अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. शिकारीचे वैध लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर धंद्यात पैसे घालू नयेत. ही गोष्ट आपल्या लोकांना फार उशिरा कळते.

आता तपासणी. तपासणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे छापा येतो. तसले काही नसते. एटीएफचे जे अधिकारी येतात, त्यांना आयओआय म्हणतात, त्यांच्या कमरेला पिस्तूल नसते आणि त्यांना अटकेचा अधिकारही नसतो. कोपऱ्यातले एक टेबल मागतात आणि वही मागतात. सगळे त्या वहीवर चालते. दुकानात आलेली प्रत्येक बंदूक पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत वहीत चढली पाहिजे: कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, प्रकार, कॅलिबर, कोणाकडून आली. गेली की सात दिवसांत कोणाला गेली ते त्याच ओळीत. तपासणीच्या वेळी एकजण कपाटातून बंदूक काढून नंबर वाचतो, दुसरा वहीत खूण करतो. शेवटी काही ओळी उरतात, ज्यांत बंदूक आल्याची नोंद आहे, गेल्याची नाही, आणि कपाटात बंदूकही नाही. त्या ओळींवर दुकानाचे भवितव्य ठरते. बऱ्याचदा शून्य आणि ओ यांची गल्लत निघते, किंवा दुरुस्तीची बंदूक परत देऊन नोंद करायची राहिलेली असते. पण शोधूनही पत्ता लागला नाही, तर ती हरवली किंवा चोरीला गेली असे धरून ४८ तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवावे लागते.

त्यानंतर बंदूक घेताना गिऱ्हाइकांनी भरलेले फॉर्म ४४७३. काउंटीचा रकाना रिकामा, तारीख चुकलेली, बॅकग्राउंड चेक होऊन ३० दिवस उलटल्यावर बंदूक हातात दिलेली, या नेहमीच्या चुका. पॉन शॉपला आणखी एक डोकेदुखी: गहाण ठेवलेली बंदूक त्याच माणसाने सोडवली तरी नवा फॉर्म, नवा चेक. ‘माझीच बंदूक आणि मलाच चौकशी?’ म्हणून काउंटरवर आवाज चढवणारे मेहुण्यांना भरपूर भेटतील.

मग राज्य मध्ये का पडते? कारण ही फेडरल तपासणी वहीपुरती नेटकी असली तरी तिचे हात बांधलेले आहेत, आणि ते मुद्दाम बांधलेले आहेत. १९७२ मध्ये बिझवेल खटल्यात सुप्रीम कोर्टाने वॉरंटशिवायची तपासणी मान्य केली होती. हा धंदा पत्करणारा तपासणीही पत्करतो, असा तर्क. पण १९८६ च्या कायद्याने नेहमीची तपासणी १२ महिन्यांत एकदाच करता येईल अशी मर्यादा घातली, आणि लायसन्स रद्द करायचे तर नियमभंग जाणूनबुजून झाल्याचे दाखवायला लावले. पुढे बजेटला जोडलेल्या टियार्ट तरतुदींनी दुकानदाराला साठा मोजून दाखवण्याची सक्ती करायलाही एटीएफला मनाई केली. म्हणजे तपासनीस येईपर्यंत एकदाही मोजदाद केली नाही तरी फेडरल नियम मोडत नाही! आणि तपासनीस येणार कधी? वर्षातून एकदाची मर्यादा फारशी कोणाला आडवी येत नाही, कारण तेवढी माणसेच नाहीत. कित्येक दुकानांत वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही.

याचा परिणाम २००२ मध्ये सगळ्या देशाने पाहिला. वॉशिंग्टन डीसीच्या परिसरात माणसे टिपणाऱ्या स्नायपरची रायफल पश्चिम किनाऱ्याकडच्या टॅकोमा शहरातल्या एका दुकानातून आली होती. ती विकल्याची नोंदच नव्हती आणि चोरीची तक्रारही वेळेत नव्हती. शोध घेतला तेव्हा त्या दुकानाच्या दोनशेहून जास्त बंदुकांचा हिशेब लागत नव्हता. लायसन्स रद्द झाले, पण नंतर.

शिवाय काही गोष्टींना फेडरल कायदा हातच लावत नाही. रात्री बंदुका तिजोरीत ठेवा, अलार्म लावा, कॅमेरा लावा, काउंटरवरच्या नोकराची पार्श्वभूमी तपासा, यातले काहीही तो दुकानदाराला बंधनकारक करत नाही. ही पोकळी राज्ये भरतात, आणि त्यांना दार फेडरल कायद्यानेच उघडून दिले आहे: धंदा राज्याच्या आणि गावाच्या कायद्यात बसतो, असे एफएफएलच्या अर्जात लिहून द्यावे लागते. राज्याने नाही म्हटले की फेडरल कागद भिंतीवर टांगण्यापुरता.

राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टेक्सासमध्ये राज्याचे वेगळे डीलर लायसन्स नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये लायसन्स शहराचे पोलीस देतात. इलिनॉयमध्ये २०१९ पासून राज्य पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. न्यूयॉर्कमध्ये २०२२ पासून नोकरांची तपासणी, कुलूपबंद साठवण आणि राज्य पोलिसांची तीन वर्षांतून एकदा फेरी. कोलोरॅडोने २०२५ मध्ये राज्य परवाना सुरू केला.

माझे मत विचाराल तर या सगळ्यात कॅमेऱ्याचे कौतुक उगाच होते. खरी किंमत आहे ती नोकरांच्या तपासणीला आणि ठरलेल्या फेरीला. हिशेबात न लागणारी बंदूक मागच्या दारातून जाते तेव्हा बहुधा दाराची किल्ली असलेला माणूसच ती नेतो. आणि फेरी ठरलेली असली की वही आपोआप नीट राहते. वॉशिंग्टनमधले सरकार बदलले की एटीएफचा सूर बदलतो. गंभीर नियमभंग एकदा सापडला तरी लायसन्स रद्द करायचे, हे ‘झीरो टॉलरन्स’ धोरण २०२१ मध्ये आले, २०२५ मध्ये गेले. राज्याच्या कायद्यात लिहिलेली फेरी इतकी हेलकावत नाही.

दुकानदारांची तक्रारही अगदीच खोटी नाही. दोन फिया, दोन तपासण्या, दोन प्रकारचे कागद. इलिनॉयमध्ये प्रमाणपत्र आल्यावर अनेक छोट्या लायसन्सधारकांनी ते घेतलेच नाही. एटीएफच्याच २००० सालच्या अहवालात होते की, १९९८ मध्ये माग काढून चालू डीलर्सपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांतल्या बंदुकांपैकी ५७ टक्के बंदुका अवघ्या १.२ टक्के डीलर्सकडून आलेल्या होत्या. त्यामुळे सगळ्यांना एकाच काठीने हाकण्यापेक्षा त्या थोड्यांकडे वारंवार जावे, हे म्हणणे मला पटते. फक्त एक ध्यानात ठेवा: जास्त विक्री असलेल्या मोठ्या दुकानाच्या बंदुका साहजिकच जास्त सापडतात, नुसत्या आकड्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही.

मेहुण्यांना सांगा, व्यवहार करण्याआधी जुन्या मालकाकडून तीन गोष्टी घ्या: एटीएफच्या मागच्या तपासणीत निघालेल्या नियमभंगांचा अहवाल, राज्याचे लायसन्स लागत असेल तर त्याच्या तपासणीचे कागद, आणि दुकान बंद ठेवून दोघांनी मिळून केलेली मोजदाद, वहीतली प्रत्येक उघडी ओळ कपाटातल्या बंदुकीशी जुळवून. पहिल्या दोन गोष्टींना मालक टाळाटाळ करू लागला तर भाव पाडून मागा. तिसरीला नको म्हणाला तर उठून या. राज्य कोणते ते इथे लिहा, म्हणजे तिथला अर्ज कोणाकडे करायचा ते सांगतो.